मुंबई उपनगरांतील जलआकार व खर्चवसुली : एक विवेचन

प्रस्तावना : नागरी प्रशासनात कर व शुल्क यांत मूलभूत भेद आहे. कर सर्वसाधारण महसुलासाठी आकारला जातो. शुल्क विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शिरूर मठ खटल्यात हा भेद स्पष्ट केला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईतील जकात संपुष्टात आली. परिणामी महानगरपालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नात सेवाशुल्काचे महत्त्व वाढले. या दृष्टीने जलआकाराचे उदाहरण उद्बोधक ठरते.

दररचना : भातसा, वैतरणा, तानसा यांसारख्या दूरच्या जलाशयांतून पाणी आणणे, भांडुप संकुलात त्याचे शुद्धीकरण करणे व ते अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीपर्यंत पोहोचविणे यांवर वीज, आस्थापना व देखभालीचा खर्च होतो. तो वाढत असल्याने २०१२ मध्ये दरवर्षी कमाल ८ टक्के दरवाढीचे धोरण स्वीकारण्यात आले. त्यानुसार २०२२ मध्ये ७.१२ टक्के वाढ होऊन निवासी इमारतींचा दर प्रति हजार लिटर ५.९४ रुपयांवरून ६.३६ रुपये, तर उद्योगांचा ५९.४२ वरून ६३.६५ रुपये झाला. म्हणजेच उद्योगाचा दर निवासी दराच्या सुमारे दहापट आहे. यालाच अर्थशास्त्रात परस्पर-अनुदान म्हणतात. पाणीपुरवठ्याच्या देयकावर ७० टक्के मलनिःसारण आकार वेगळा असतो.

उदाहरणादाखल, पाच व्यक्तींचे कुटुंब प्रतिमाणशी दररोज १३५ लिटर पाणी वापरत असेल, तर ३० दिवसांत सुमारे २०,२५० लिटर वापर होतो. २०२२ च्या दराने त्याचा जलआकार सुमारे १२९ रुपये व मलनिःसारण आकार सुमारे ९० रुपये, एकूण २१९ रुपये होतो.

समन्यायाचा प्रश्न : अल्प दराचा लाभ केवळ अधिकृत जोडणी असणाऱ्यांनाच मिळतो. ज्या वस्तीत जोडणी नाही, तेथील कुटुंबास पिंपाने वा टँकरने पाणी विकत घ्यावे लागते आणि ते नळाच्या पाण्याहून कितीतरी महाग पडते. म्हणजे अनुदान सधन सोसायटीस मिळते व गरजू त्यापासून वंचित राहतो. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले; बांधकाम अनधिकृत आहे एवढ्याच कारणाने पाणी नाकारता येत नाही, हे त्यातून अधोरेखित झाले.

निष्कर्ष : खर्चवसुली व समन्याय ही परस्परविरोधी उद्दिष्टे नाहीत. प्रत्येक घरास मोजणीयुक्त जोडणी देणे, मूलभूत वापरास अल्प दर ठेवणे व त्यापुढील वापरास प्रत्यक्ष खर्चाइतका दर आकारणे, या क्रमाने दोन्ही साधता येतील. हा क्रम उलटा झाल्यास, म्हणजे जोडणीपूर्वीच दरवाढ केल्यास, वसुली वाढेल. परंतु शुल्काचा मूळ आधार असलेली सेवा मात्र सर्वांपर्यंत पोहोचणार नाही.