समुद्रकांठचा गण्डूपद

अमरकोशांत गांडुळास ‘गण्डूपद’ म्हटलें आहे. ज्याच्या पायांच्या ठिकाणीं केवळ गांठी, तो गण्डूपद. आमच्या शेतांतील गांडुळास वस्तुतः तशा गांठीही नसतात. हें नांव शोभतें तें समुद्रकांठच्या चिखलांत राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदास. प्राणिशास्त्रज्ञ त्याला नेरीस म्हणतात. त्याच्या बहुतेक प्रत्येक वलयास दोहों बाजूंस वल्ह्यासारखा मांसल पाय व त्यावर राठ केसांचा झुबका असतो. चालणें, पोहणें आणि श्वसन हीं तिन्ही कामें हे पायच करतात.

ओल्या चिखलांत तो इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखें बीळ करतो व अंगांतून स्रवणाऱ्या चिकट द्रवानें तें आंतून लिंपून घेतो. ओहोटीच्या वेळीं खोल दडून बसावयाचें. भरती आली कीं अंग नागमोडी हालवून बिळांत पाणी खेळवावयाचें, म्हणजे प्राणवायु मिळतो. भूक लागली कीं अर्धें अंग बाहेर काढून शेवाळ, कुजका पाला, मेलेले वा जिवंत लहान जीव, जें सांपडेल तें तो ओढून नेतो. पिशवी उलटावी तसा त्याचा घसा बाहेर येतो व टोंकास दोन आंकडेदार जबडे दिसतात. त्या जबड्यांस काठिण्य येतें तें जस्तामुळें! याची एक जात तर बिळाच्या तोंडाशीं चिकट द्रवाचें जाळें विणते, पाणी ओढून त्यांत सूक्ष्म वनस्पति अडकविते, आणि मग जाळ्यासकट सारें गिळून टाकते.

धुळें-जळगांवच्या घरांत या कृमीचें काय प्रयोजन, असें वाचक विचारतील. मुलताईस उगम पावलेली तापी आमच्या गिरणेचें व पांझरेचें पाणी घेऊन सुरतेच्या पुढें डुमसजवळ समुद्रास मिळते. आमच्या काळ्या जमिनीचा वाहून गेलेला गाळच तेथल्या चिखलांत पिढ्यान्‌पिढ्या भर घालीत आला. अशा चिखलांत या वर्गांतील कृमि बिळें करून वरचा प्राणवायु खालच्या थरांत पोंचवितात. मासे, खेकडे व हिवाळ्यांत येणारे लांब चोंचीचे पक्षी यांचें तें अन्नही आहे.

१९७२ सालीं उकाईचें धरण पुरें झालें. तेव्हांपासून गाळाचा मोठा भाग जलाशयांतच बसतो. धरणामुळें शेतें भिजलीं, वीज आली. तें कोणीही नाकारणार नाहीं. परंतु त्या जमाखर्चांत हा अडलेला गाळही मांडावयास हवा, असें माझें स्पष्ट मत आहे.

सुटींत कोणी डुमसकडे गेल्यास ओहोटीच्या वेळीं मुलांना चिखल अवश्य दाखवावा. त्यावर बारीक छिद्रें दिसतील, कांहीं खेकड्यांचीं, कांहीं या कृमींचीं. बोट मात्र घालूं देऊं नये. मोठा नेरीस चावतो.