सहा मिनिटांची चाल

तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना नारिंगी शंकू. बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून तंत्रज्ञ ताई म्हणाल्या, "आजोबा, आपल्या चालीनं चालायचं, पळायचं नाही. दम लागला तर थांबा, पण घड्याळ थांबणार नाही."

खुर्चीत बसलेले असताना आकडा ९६ होता. मला हायसं वाटलं होतं. तिसऱ्या मिनिटाला ९१ झाला, पाचव्याला ८७. बाबांचं बोलणं बंद झालं होतं. प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलले जात होते.

बाबांना फुफ्फुसांचा फायब्रोसिस आहे. आपण स्वस्थ बसलेलो असताना रक्तातली तांबडी पेशी वायुकोशाला बिलगलेल्या केशवाहिनीतून साधारण पाऊण सेकंदात पुढे सरकते. निरोगी फुफ्फुसात प्राणवायू भरून घ्यायला तिला पाव सेकंद पुरतो. उरलेला अर्धा सेकंद ही शिल्लक. श्रम वाढले की हृदय मिनिटाला ५ लिटरऐवजी २० लिटर रक्तही ढकलतं. मग पेशीला थांबायला वेळ कुठला? इथे फुफ्फुस जे करतं त्याचं मला फार अप्रूप वाटतं : एरवी मिटलेल्या केशवाहिन्या, विशेषतः फुफ्फुसाच्या वरच्या भागातल्या, उघडतात आणि वाढलेलं रक्त जास्त वाटांनी विभागलं जातं. तरीही वेळ कमी होतोच, पण वायुकोश आणि केशवाहिनी यांच्यामधल्या पातळ पडद्यातून तेवढ्यातही काम भागतं. म्हणून सिंहगड चढताना धाप लागली तरी निरोगी माणसाचा आकडा फारसा हलत नाही. ती धाप मुख्यतः वाढलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी असते.

बाबांच्या फुफ्फुसात तो पडदाच जाड झालाय. प्राणवायू पलीकडे पोचायला उशीर होतो, आणि आजाराने केशवाहिन्याही कमी केल्यात. बसल्या जागी तो अर्धा सेकंद सगळं सांभाळून घेतो. चालायला लागलं की तोच संपतो. खुर्चीतला ९६ खोटा नव्हता. गेले कित्येक महिने आम्ही मात्र तेवढाच पाहत होतो, बाबा जिना टाळतात हे दिसत असूनही.

सहावं मिनिट संपलं. ८५. ताईंनी लगेच खुर्ची पुढे केली आणि शून्य ते दहाचा तक्ता दाखवला, "दम किती लागला?" बाबांनी पाच बोटं वर केली. हळूहळू आकडा चढू लागला. ८८, ९१. मी त्या लाल अंकांवरून नजर काढली नव्हती.

९४ ला बाबांना बोलता आलं. "किती झालं?"

त्यांना अंतर विचारायचं होतं. दोनशे ऐंशी मीटर.