साथ ओसरते कशी? मुंबईच्या प्लेगचं गणित

पावसाळ्यात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग लागते. नातेवाईकांचा प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर, ही साथ जाणार कधी?’ या प्रश्नाचं गणितातलं सर्वांत गाजलेलं उत्तर, आपण रोज लोकलने गाठतो त्या मुंबईच्या आकड्यांशी जोडलेलं आहे.

१७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, याची नोंद आहे. आकडा आधी हळूहळू, मग झपाट्याने चढला, एप्रिलच्या सुमारास आठवड्याला नऊशेच्या आसपास पोचला आणि तसाच उतरला. १९२७ साली एडिंबरोच्या विल्यम करमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी या चढउताराला अवकल समीकरणांत बसवलं. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. करमॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. हे गणित त्यानंतरचं!

अवकल समीकरण म्हणजे बदलाच्या वेगाचा हिशेब. दोघांनी लोकांचे तीन गट केले: लागण होऊ शकणारे, आजारी, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. नवी लागण पहिल्या दोन गटांच्या संपर्कावर ठरते. साथ संपते ती सगळे आजारी पडल्यावर, किंवा जंतूचा जोर सरल्यावर, असं आपल्याला वाटतं. समीकरणांनी वेगळंच दाखवलं. लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की एक रुग्ण सरासरी एकालाही रोग देऊ शकत नाही, आणि साथ आपोआप ओसरते. तोवर कितीतरी माणसं रोगापासून सुटलेली असतात.

मुंबईच्या आलेखाशी जमलेला मेळ मात्र मला थोडा नशिबाचा वाटतो. प्लेग मुळात उंदरांचा रोग, पिसवांमार्फत माणसात येणारा. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. शिवाय तो ऋतूप्रमाणे वाढे-घटे. पण उंबरठ्याची कल्पना टिकली. गोवराचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. म्हणूनच ९५ टक्के मुलांना लशीचे दोन्ही डोस मिळावेत असा आमचा आग्रह असतो. ८० टक्के ऐकायला चांगले वाटतात, पण गोवराला तेवढी फट पुरते.

डासांबाबत हेच रोनाल्ड रॉस यांनी आधी मांडलं होतं. मलेरिया हटवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या उंबरठ्याखाली आणली तरी पुरतं. आपल्याकडे नळाला पाणी बेताचं, म्हणून घरोघरी पिंप भरलेलं. नव्या इमारतींच्या बांधकामावर उघड्या टाक्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात तो या हिशेबाने. फवारणीचा धूर दिसतो, म्हणून लोकांना तोच उपाय वाटतो. पिंपातल्या अळीला त्याने काहीच होत नाही.

पिंप नुसतं रिकामं करूनही भागत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने जगतात. कडा घासून काढावी लागते.