बेटा एजंट, 'मानपाड्याला' म्हणजे मानपाडाच!

मंडळी, शीर्षक वाचून गोंधळू नका. हा लेख घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवर नाही, सर्च इंजिनवर आहे! हल्ली एआय एजंटला एक वाक्य सांगितलं की तो मिनिटभरात सर्च इंजिनचा इंडेक्स बनवून देतो. आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी हेच काम घेतलं होतं. हॉस्टेल आणि ऑफिसच्या मराठी नोटिसा एका जागी गोळा करायच्या आणि त्यांत शोधायची सोय करायची. मी पडले कॉन्व्हेंटवाली. मराठी व्याकरणाशी माझं नातं दहावीच्या पेपरापुरतंच होतं. ते पुन्हा जुळेल आणि तेही कंप्युटरमुळे, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं!

आधी इंडेक्स म्हणजे काय ते पाहू. टेक्स्टबुकच्या शेवटी जी सूची असते ती आठवा. शब्द दिलेला असतो आणि पुढे पान नंबर. सर्च इंजिनही तेच करतं. प्रत्येक शब्द कोणत्या कागदात, कितव्या जागी आला हे आधीच लिहून ठेवतं. आपण शोधलं की ते सगळे कागद वाचत बसत नाही, थेट सूचीत बघतं. ह्याला 'इन्व्हर्टेड इंडेक्स' म्हणतात. डग कटिंग ह्यांनी १९९९ मध्ये लिहिलेली 'ल्युसीन' ही लायब्ररी अशीच सूची बनवते आणि 'इलॅस्टिकसर्च'सारखी आजची इंजिनं तिच्यावरच उभी आहेत.

आता ह्यात एजंट काय करतो? खरं सांगायचं तर भाषेचं मॉडेल स्वतः काहीच बनवत नाही. त्याला 'टूल्स'ची यादी दिलेली असते. टूलचं नाव, ते काय करतं आणि त्याला कोणती माहिती द्यावी लागते, एवढंच त्या यादीत असतं. आपण म्हणालो, "नोटिसांसाठी इंडेक्स बनव", की मॉडेल यादीतून 'इंडेक्स बनवा' हे टूल निवडतं आणि इंडेक्सचं नाव, त्यातली फील्ड्स वगैरे भरून देतं. प्रत्यक्ष हुकूम इंजिनपर्यंत पोचवतो तो एक साधा प्रोग्राम. आलेलं उत्तर वाचून मॉडेल पुढची पायरी ठरवतं. अशी टूल्स जोडण्याची एकसारखी पद्धत असावी म्हणून अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एमसीपी' हा खुला प्रोटोकॉल जाहीर केला.

इथपर्यंत सगळं छान. पण आपण जे सांगत नाही ते एजंट स्वतःच्या मनाने भरतो. आपण 'मराठी' असं नुसतं म्हटलं तरी वाक्याचे शब्द कसे पाडायचे आणि शब्दाचं मूळ कसं काढायचं, हा प्रश्न उरतोच. हे ठरवणाऱ्या भागाला 'ॲनलायझर' म्हणतात. इलॅस्टिकसर्चमध्ये इंग्रजीचा आहे, हिंदीचा आहे, बंगालीचा आहे. मराठीचा तयार ॲनलायझर त्या यादीत नाही! मग एजंट सर्वसाधारण ॲनलायझर लावतो, नाहीतर लिपी सारखी म्हणून हिंदीचा.

आता आपल्याच रोडवरून एक फेरी मारा. माजिवडा, मानपाडा, पातलीपाडा. पण नोटिशीत काय असतं? 'माजिवड्याहून बस सुटेल', 'मानपाड्याला खोली भाड्याने', 'पातलीपाड्याच्या बसस्टॉपवर जमावे'. हिंदीत 'ठाणे में' असे दोन शब्द सुटे लिहितात. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि चिकटण्याआधी शब्दच बदलतो. मानपाडाचं 'मानपाड्या', ठाणेचं 'ठाण्या'. हेच ते आपलं सामान्यरूप! माणसाला हे कळतं, पण इंडेक्सच्या दृष्टीने 'मानपाडा' आणि 'मानपाड्याला' हे दोन वेगळेच शब्द.

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? बिघडतं ते असं. नोटीस असते 'शिष्यवृत्तीच्या अर्जाची अंतिम तारीख'. गावाहून आलेला फर्स्ट इयरचा मुलगा शोधतो 'शिष्यवृत्ती'. पडद्यावर येतं शून्य. कुठेही एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. तो समजतो की यंदा शिष्यवृत्ती नाहीच, आणि तारीख निघून जाते. 'सापडलं नाही' आणि 'मुळात नाहीच' ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

ह्यावर उपाय म्हणजे 'स्टेमर', शब्दाचं खोड ठेवून फांद्या छाटणारी कात्री. आधी 'च्या', 'ला', 'त', 'हून', 'साठी' कापायचे आणि मग उरलेल्या शब्दाचा शेवटही छाटायचा. मानपाडा, मानपाड्याला, मानपाड्याहून ह्या सगळ्यांचं 'मानपाड' झालं की काम फत्ते. 'मानपाड' असा शब्द नसला तरी चालतो, सगळ्यांचं खोड एकच आलं की झालं. शोधणाऱ्याच्या शब्दालाही अर्थात हीच कात्री लावायची.

पण कात्री आंधळी असते बरं का! 'ला' कापा म्हटलं की ती 'घोडबंदरला' नीट कापते आणि 'घोडबंदर किल्ला'मधल्या किल्ल्याचंही 'किल्' करून टाकते. 'भात'चं 'भा' होतं. म्हणून अपवादांची यादी द्यावी लागते आणि फार छोट्या शब्दांना हात लावायचा नाही असा नियम करावा लागतो. शिवाय टायपिंगची गंमत वेगळीच. 'ॲडमिशन'मधला 'ॲ' कुणी एकाच कोडने टाइप करतं, कुणी 'अ' आणि वरची चंद्रकोर अशा दोन कोडने. डोळ्यांना एकच, मशीनला दोन. आधी ते सारखे करून घ्यावे लागतात.

हा प्रश्न काही आजचा नाही. २००८ साली सुरू झालेल्या 'फायर' ह्या भारतीय उपक्रमाने हिंदी आणि बंगालीबरोबर मराठी शोधाचीही परीक्षा ठेवली. त्यासाठी महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळमधल्या बातम्या घेतल्या होत्या. स्वित्झर्लंडमधल्या नशातेल विद्यापीठाचे डोलामिच आणि सावॉय हे दोन संशोधक त्यात उतरले आणि त्यांनी मराठीसाठी सौम्य आणि कडक अशा दोन्ही कात्र्या तपासून पाहिल्या. परदेशात बसून आपल्या 'च्या' आणि 'ला'चा अभ्यास! आपण तर हे रोज बोलतो.

तर ज्यांना असा प्रोजेक्ट करायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. एक, ॲनलायझर आधी ठरवा. एकदा फील्ड बनलं की त्याचा ॲनलायझर बदलता येत नाही, नवा इंडेक्स बनवून सगळा डेटा पुन्हा भरावा लागतो. दोन, इंडेक्स बनवण्याआधी एजंटला सांगा, "ह्या दहा वाक्यांचे शब्द कसे पाडशील ते दाखव." इंजिनात तशी सोय असते. तीन, उत्तर आधीच माहीत आहे असे वीस शोध लिहून ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर ते चालवून बघा. चार, एजंटला फक्त त्या एका इंडेक्सपुरतेच अधिकार द्या आणि पुसण्याचा अधिकार तर देऊच नका. 'साफसफाई कर' ह्या दोन शब्दांचा अर्थ तो काय लावेल सांगता येत नाही!

थोडक्यात काय, इंडेक्स बनवणं आता सोपं झालं आहे. एजंट हुशार आहे, न थकता काम करतो, उलट उत्तरही देत नाही. पण 'शिष्यवृत्त्यांसाठी' ह्या शब्दात शिष्यवृत्ती दडलेली आहे, हे त्याच्या लक्षात आणून द्यायला मराठी येणारं माणूस लागतं. असे लोक आपल्या हॉस्टेलमध्ये खोलीखोलीत आहेत. मेसच्या रांगेत उभं असताना एकेकाने आपल्या गावाकडचे, आपल्या बोलीतले दहा-दहा शब्द दिले तरी परीक्षेची केवढी मोठी यादी तयार होईल. बघा, जमतंय का!