विश्लेषण : घरगुती सिगार-कपाट मुंबईत थंड ठेवणे अवघड का?

जुन्या लाकडी कपाटाच्या दाराला रबरी पट्टी लावली, आत स्पॅनिश सीडरच्या फळ्या बसवल्या, आर्द्रतामापक ठेवला, की घरच्या घरी ‘ह्युमिडॉर’ तयार होतो. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर राखणारी पाकिटेही मिळतात. गिरगाव-दादरच्या घरांत खरी अडचण येते तापमानाची. (सिगार हाही तंबाखूच, कपाट नीट असले म्हणून त्याचा अपाय कमी होत नाही.)

थंडावा हवाच कशाला?

तंबाखूच्या भुंगेऱ्यामुळे. दोन-तीन मिलिमीटरचा हा तपकिरी किडा हळद, सुक्या मिरच्या, धनेही पोखरतो. म्हणजे लालबागच्या मसाला बाजाराचाही तो शत्रूच. त्याची अंडी तंबाखूच्या पानांतून सिगारमध्ये आलेली असू शकतात. तापमान १८ अंशांच्या आसपास असेल तर त्यांची वाढ जवळपास थांबते. मे महिन्यात आपल्या घरात पारा ३० च्या वर असतो. काही आठवड्यांत सिगारला टाचणीएवढी भोके दिसू लागतात.

मग पेल्टियर लावला की झाले?

लॅमिंग्टन रोडवर १२ व्होल्टची पेल्टियर प्लेट, पंखे, डिजिटल थर्मोस्टॅट सगळे मिळते. प्लेटची एक बाजू गार होते, दुसरी तापते. जोडणी सोपी आहे. मेख वेगळीच आहे. ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची हवा साधारण २४ अंशांपर्यंत गार केली की तिच्यातले पाणी सुटू लागते. ते गार पात्यांवर जमते. तिथून सिगारवर ठिबकले तर बुरशी. नळीने बाहेर गेले तर कपाटातली हवा कोरडी. म्हणजे तापमान आवरायला लावलेले यंत्र आर्द्रता बिघडवते.

म्हणून पात्यांखाली पन्हळ हवी आणि ते पाणी कपाटातल्याच स्पंजवर परत यायला हवे. सेन्सर पात्यांजवळ नको, मधल्या फळीवर हवा. तापलेली बाजू कपाटाबाहेर, मोकळ्या हवेत असावी. पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळावी. थर्मोस्टॅट १६ वर नेण्याचा हट्ट नको, २० पुरे. मोठ्या कपाटाला पेल्टियर पुरत नाही. तिथे कॉम्प्रेसरच लागतो.

डबे दोन-चारच असतील तर?

मग एवढा खटाटोप कशाला? नवे सिगार हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवले की अंडी-अळ्या मरतात. तिथून ते आधी एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत. एकदम बाहेर काढले तर वरचे पान तडकते.