खाते ज्याचे, माहिती त्याची

बीड शहरातून सोलापूरच्या दिशेने निघाले की मांजरसुंब्याच्या अलीकडे पाली हे गाव लागते. बीडकरांना ते मुख्यतः बिंदुसरा प्रकल्पामुळे ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत मात्र या गावाला आणखी एक ओळख लाभली. दत्ता बारगजे आणि संध्या बारगजे या दांपत्याने येथे ‘इन्फंट इंडिया’ ही संस्था उभी केली व एचआयव्हीसह जगणाऱ्या, आप्तांनी दूर केलेल्या बालकांना घर दिले. बारगजे हे पेशाने प्रयोगशाळा तंत्रज्ञ. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड येथे ते शासकीय सेवेत होते आणि जवळच्या हेमलकसा येथील आमटे परिवाराच्या कार्याचा त्यांच्या मनावर संस्कार झाला. रक्ततपासणीच्या कागदावरील एक शब्द एखाद्या कुटुंबाचे काय करून टाकतो, हे प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाला इतरांच्या आधी कळते.

बीड, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या भागांतील आपली व्यापारी कुटुंबे अशा संस्थांना सढळ हाताने साहाय्य करतात. वाढदिवस, पुण्यतिथी, तपश्चर्येचे पारणे, नव्या दुकानाचा मुहूर्त अशा निमित्तांनी मुलांना भोजन, वह्या-पुस्तके, कपडे दिले जातात. हे उत्तमच आहे. परंतु भोजन आटोपताच खिशातून मोबाइल निघतो, मुलांना ओळीने उभे केले जाते आणि घरी पोहोचण्यापूर्वीच ते छायाचित्र गावाच्या व संस्थेच्या नावासह परिवाराच्या, संघाच्या, व्यापारी मंडळाच्या गटांवर फिरू लागते. या लेखाचा विषय या एका कृतीशी निगडित आहे.

छायाचित्राखाली कोणी ‘हा मुलगा एचआयव्हीबाधित आहे’ असे लिहीत नाही. तसे लिहिण्याची आवश्यकताच उरत नाही. ज्या संस्थेत याच आजाराची मुले सांभाळली जातात, तिचे नाव चेहऱ्याखाली आले की निदान आपोआप जाहीर होते. मूल आज नऊ वर्षांचे असते. तेरा-चौदा वर्षांनी ते नोकरीसाठी, भाड्याच्या खोलीसाठी किंवा विवाहासाठी कोणाच्या तरी दारात उभे राहील, तेव्हाही ते चित्र कुठल्यातरी दूरध्वनीत शिल्लक असेल. पूर्वी वृत्तपत्रात आलेला फोटो दुसऱ्या दिवशी रद्दीत जात असे. आताचे चित्र रद्दीत जात नाही, आणि चेहऱ्यावरून माणूस शोधून देणारी यंत्रे तर हाताशी आलीच आहेत.

बालन्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा वा अन्य तपशील कोणत्याही संपर्कमाध्यमातून प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. उल्लंघन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्हॉट्सॲपचा गट हा आपल्याला घरचा दिवाणखाना वाटतो. कायद्याचे शब्द पाहता तसे समजून चालणे धोक्याचे आहे.

व्यापाऱ्याला हे समजावण्यासाठी कायद्याच्या पुस्तकाची फारशी गरज पडू नये. पेढीवर उधारीची खतावणी असते. कोणाचे किती थकले, कोणी मुलीच्या लग्नासाठी दागिना मोडला, कोणाचा धनादेश परत आला, हे सारे दुकानदाराला माहीत असते. तरी गिऱ्हाइकांची गर्दी असताना कोणाचे खाते मोठ्याने वाचले जात नाही. ज्या दुकानी ते वाचले जाते, तिथली गिऱ्हाइके हळूहळू समोरच्या दुकानी जातात. वैद्यकीय नोंदीचे शास्त्र मुळात याहून वेगळे नाही. नोंद अचूक असावी, वेळच्या वेळी व्हावी, आणि ज्याचे खाते आहे त्याच्यावाचून ती इतरांनी वाचू नये.

औषधे उपलब्ध असताना एवढी गुप्तता कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. भारतात या विषाणूचे अस्तित्व प्रथम १९८६ साली चेन्नईत, डॉ. सुनीती सोलोमन व त्यांच्या सहकारी निर्मला सेल्लप्पन यांच्या कामातून सिद्ध झाले. त्यानंतर जवळजवळ दोन दशके सामान्य कुटुंबासाठी हे निदान म्हणजे मृत्यूची चाहूल होती. १ एप्रिल २००४ पासून शासनाने विनामूल्य एआरटी उपचार सुरू केले. बालकांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम २००६ च्या अखेरीस आला. २०१७ पासून तर रक्तातील पेशींची संख्या कितीही असो, निदान होताच औषध द्यायचे असे धोरण आहे. औषध नियमित घेतले, तर रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत सापडणार नाही इतके खाली येते आणि अशा व्यक्तीकडून जोडीदाराला लागण होत नाही. गर्भवतीला उपचार मिळाले नाहीत, तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते; योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. पालीसारख्या ठिकाणी वाढलेल्या तरुण-तरुणींचे विवाह लागले, त्यामागे हे विज्ञान उभे आहे.

पण या सगळ्याचा आधार ‘नियमित’ या एका शब्दावर आहे. औषध दिवसातून दोन वेळा असेल, तर महिन्याला साठ मात्रा होतात. पंचाण्णव टक्के नियमितपणा राखायचा म्हणजे महिन्यात तीनपेक्षा अधिक मात्रा चुकता कामा नयेत. त्याहून अधिक चुकल्या की विषाणू औषधाला दाद न देण्यास शिकतो. म्हणून एआरटी केंद्रावर रुग्णाने परत आणलेल्या उरलेल्या गोळ्या मोजण्याची पद्धत पडली. रोकड आणि रोजकीर्द जुळवावी, तसाच हा प्रकार.

गोळी कोणत्या कारणाने चुकते? विस्मरण हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असते लपवणे. मामाच्या घरी लग्नाला गेलेले मूल सर्वांसमोर डबी उघडू शकत नाही. वसतिगृहात खोलीतला सोबती ‘कसली गोळी?’ म्हणून विचारतो. म्हणजे माहिती फुटण्याची भीती हीच औषध चुकण्याचे कारण ठरते आणि गुप्तता राखणे हा उपचाराचाच भाग होऊन बसतो. वैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ही गोष्ट औषधांच्या मात्रांइतक्याच गंभीरपणे शिकवली जायला हवी, असे आमचे मत आहे.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर येथील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या केंद्रात नाव नोंदवले, ते सहा महिने शेकडो किलोमीटर दूर राहते. येथे संगणकीय नोंदीचा खरा उपयोग आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ‘सोच’ नावाची संगणकप्रणाली आहे. एका केंद्रातील रुग्णाची माहिती दुसऱ्या केंद्रास उपलब्ध झाली, तर फडावरच्या बाईला कोल्हापूरकडेही तिचेच औषध मिळू शकते. जुन्या जाड रजिस्टरला हे जमले नसते. मात्र ते रजिस्टर कपाटात कुलूपबंद राहत असे आणि एका वेळी एकच माणूस ते उघडू शकत असे, हाही त्याचा एक गुण होता. संगणकावरील नोंद किती जण पाहू शकतात, परवलीचा शब्द किती जणांना ठाऊक आहे, पडद्याचा फोटो कोण काढतो, या प्रश्नांकडे दवाखान्यांनी अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने त्यांच्या संरक्षणाची व्यवस्था करावी, असे त्यात स्पष्टपणे सांगितले आहे.

याच अधिनियमात एक हृदयस्पर्शी तरतूद आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. आईवडील या आजाराने गेले किंवा अंथरुणाला खिळले आणि घरात बारा ते अठरा वयाचे समंजस भावंड असेल, तर धाकट्यांचा शाळाप्रवेश, उपचार, बँकेचे खाते यांसाठी त्या मोठ्या भावंडाला पालक मानता येते. तेरा वर्षांची मुलगी भावाचा हात धरून शाळेच्या कार्यालयात आली, तर ‘मोठ्या माणसाला घेऊन ये’ म्हणण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी हे कलम आठवावे.

डॉक्टर आणि परिचारिकांच्या वर्तनातील सुधारणेची दिशा तशी जुनी आहे. पूर्वी रुग्णाच्या खाटेवर किंवा केसपेपरवर ठळक खूण केली जात असे, कर्मचाऱ्यांनी सावध राहावे म्हणून. हेतू वाईट नव्हता, पण परिणाम असा की वॉर्ड झाडणाऱ्यापासून भेटीस आलेल्या नातलगापर्यंत सर्वांना निदान कळे. एचआयव्हीच्याच अनुभवातून १९८० च्या दशकात सार्वत्रिक खबरदारीचे तत्त्व रुजले. प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे मानून प्रत्येक वेळी हातमोजे घालावेत, प्रत्येक सुई योग्य रीतीने नष्ट करावी. हे पाळले की खुणेचे प्रयोजनच संपते. उलट खुणेवर विसंबणारा कर्मचारी अधिक असुरक्षित असतो, कारण ज्यांची तपासणीच झालेली नाही त्यांच्या खाटेवर कसलीही खूण नसते. सुई टोचल्यास बहात्तर तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांत, प्रतिबंधक औषध सुरू करून ते अठ्ठावीस दिवस घ्यायचे असते. ही माहिती प्रत्येक लहान रुग्णालयाच्या भिंतीवर असायला हवी. अनेक ठिकाणी तिच्या जागी औषध कंपनीची दिनदर्शिका दिसते.

शाळांची कथा अधिक क्लेशकारक आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात हासेगाव येथे रवी बापटले यांच्या सेवालयातील मुलांना २००९ साली गावच्या शाळेत घातले, तेव्हा पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे बंद केले. विषाणू बाकावर शेजारी बसल्याने, एका माठातले पाणी प्यायल्याने किंवा खेळताना हात धरल्याने पसरत नाही, हे तेव्हाही विज्ञानाला पक्के ठाऊक होते. ते गावापर्यंत पोहोचवण्याचे काम आधी व्हायला हवे होते.

हे काम आधी केले तर काय घडते, याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. इंडियाना राज्यातील रायन व्हाइट या हिमोफिलिया असलेल्या मुलाला रक्तघटकांतून लागण झाली आणि १९८५ साली त्याला शाळेने प्रवेश नाकारला. न्यायालयातून तो जिंकला, पण गावात राहणे अशक्य झाले. १९८७ मध्ये कुटुंब जवळच्याच दुसऱ्या गावी गेले. तेथील शाळेने तो येण्यापूर्वी विद्यार्थ्यांना व शिक्षकांना आजाराची माहिती करून दिली. मुलांनी घरी जाऊन पालकांना समजावले. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले. राज्य तेच, आजार तोच आणि मुलगाही तोच होता. १९९० मध्ये तो गेला, पण अखेरपर्यंत त्या शाळेचा विद्यार्थी म्हणून.

रायनचे नाव जगजाहीर झाले होते, त्याला इलाज नव्हता. आपल्या शाळांत तशी वेळ येऊ नये. कोणत्या मुलाला लागण आहे हे शिक्षकाला कळलेच पाहिजे, असा आग्रह अनेक संस्थाचालक धरतात. आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्थांतही तो ऐकू येतो. कायद्याने असा आग्रह धरता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत हातमोजे ठेवावेत, कोणत्याही मुलाचा गुडघा फुटला तरी ते घालूनच जखम धुवावी, आणि हे सर्व शिक्षकांना वर्षातून एकदा करून दाखवावे. एवढ्याने यादी मागण्याचे कारण संपते.

एका व्यक्तीपासून मात्र ही माहिती लपवू नये, आणि ती व्यक्ती म्हणजे स्वतः ते मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शनानुसार शालेय वयाच्या मुलाला त्याच्या समजुतीप्रमाणे, टप्प्याटप्प्याने सत्य सांगावे. ‘ताकदीची गोळी आहे’ असे सांगून आठ वर्षे चालते. पंधराव्या वर्षी मूल गोळीची चिठ्ठी वाचते, मोबाइलवर नाव शोधते आणि एकट्याने सारे जाणून घेते. त्यानंतर ते कोणावरही विश्वास ठेवत नाही, गोळीवरही नाही.

आता दात्यांविषयी. भेटीला जाण्यापूर्वी संस्थेला विचारून तिला खरोखर हवी असलेली वस्तू न्यावी. मिठाईचे खोके सणासुदीला भरपूर येतात. डाळ, शेंगदाणे, दूध यांची गरज बाराही महिने असते आणि या औषधांना सकस आहाराची जोड लागते. छायाचित्र घ्यायचेच असेल, तर धान्याच्या पोत्यांचे, नव्या खोलीचे घ्यावे. मुलाला ‘तुला हे कसे झाले’ असे कधीही विचारू नये. आपल्या परंपरेत गुप्तदानाची थोरवी सांगितली आहे. तिथे देणारा स्वतःचे नाव झाकतो. इथे घेणाऱ्याचे नाव झाकायचे आहे. पावती संस्थेच्या नावाने मिळतेच, तेवढी आपल्या हिशेबाला पुरते.

आणि दानाहून मोठे साहाय्य व्यापारी कुटुंबांच्याच हाती आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ही मुले बालगृहाच्या कक्षेबाहेर पडतात आणि काम शोधू लागतात. कापडाच्या दुकानात, औषधांच्या ठोक विक्रीत, मोंढ्यातील आडतीवर, हिशेबाच्या संगणकावर त्यांना जागा देता येईल. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालण्यास २०१७ च्या अधिनियमाने मनाई केलेली आहे. असा तरुण कामाला घेतला तर मालकाला वेगळे काही करावे लागत नाही. ठरावीक काळाने तो एआरटी केंद्रावर जाण्यासाठी एका दिवसाची रजा मागेल. ती द्यावी, कारण विचारू नये, आणि हजेरीपुस्तकात नुसते ‘रजा’ एवढेच लिहावे.