पाटी एकाची, वही दुसऱ्याची

कंपनी बुडाली की तिच्या खुर्च्या, टेबलं, मशिनरी लिलावात जाते हे आपल्याला माहीत असतं. पण तिचं नाव? तेही विकलं जातं बरं का, आणि कधीकधी मशिनरीपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. माझ्या रूमवर पीएल असो वा सबमिशन, एम्युलेटरवर जुने गेम्स चालू असतात हे आमच्या विंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्या नादातूनच हा विषय हाती लागला. जुन्या कॉम्प्युटरच्या शौकिनांमध्ये 'मशीन कसलं' इतकाच 'नाव कुणाचं' हाही वादाचा विषय असतो. त्यातलं सगळ्यात लांबलेलं प्रकरण म्हणजे कमोडोर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कमोडोर ६४ हा १९८२ सालचा अमेरिकन होम कॉम्प्युटर. ६४ केबी रॅम, सुरुवातीची किंमत ५९५ डॉलर, अख्खा कॉम्प्युटर कीबोर्डच्याच पोटात आणि स्क्रीन म्हणून घरचा टीव्ही. त्यातली 'सिड' नावाची साउंड चिप अशी भन्नाट की आजही लोक तिच्यासाठी संगीत रचतात. १९८५ मध्ये याच कंपनीचा अमिगा आला. आणि एप्रिल १९९४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला.

आता थोडा कायदा. घाबरू नका, व्हायवा नाहीये! समजा, गेटसमोरच्या टपरीवाल्या अण्णांनी धंदा बंद केला. भांडीकुंडी एकाने घेतली, मिसळीच्या मसाल्याची वही पुतण्याकडे गेली आणि 'अण्णांची टपरी' ही पाटी तिसऱ्यानेच विकत घेतली. उद्या त्या पाटीखाली तो चायनीज विकायला लागला, तर तुम्ही त्याला अण्णांची टपरी म्हणाल का? कॉम्प्युटरचंही तसंच आहे. सर्किटमधल्या नव्या कल्पनेला पेटंट मिळतं, पण ते साधारण २० वर्षांत संपतं, म्हणजे १९८२ च्या मशीनचं कधीच संपलं. रॉममधला प्रोग्रॅम ही मसाल्याची वही. तिला कॉपीराइट असतो आणि तो अजून कित्येक वर्षं जिवंत राहणार आहे. नाव आणि लोगो ही पाटी, म्हणजेच ट्रेडमार्क. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे दर १० वर्षांनी रिन्यू करत राहिलं तर ती अमर! अट एकच, पाटी वापरात हवी. ५ वर्षांहून जास्त काळ धूळ खात पडली, तर ज्याचं त्यापायी अडतंय असा माणूस ती रजिस्टरमधून काढून टाकायचा अर्ज करू शकतो. युरोपातही मुदत ५ वर्षांचीच आहे. म्हणजे पाटी हातात ठेवायची तर ती कशावर तरी लावावी लागते.

आणि ती कशाकशावर लागली बघा. १९९५ मध्ये जर्मनीच्या एस्कॉम कंपनीने कमोडोरचा पसारा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी ती स्वतःच दिवाळखोरीत गेली. १९९७ मध्ये वाटणी झाली. कमोडोर हे नाव हॉलंडच्या ट्यूलिपकडे गेलं आणि अमिगा अमेरिकेच्या गेटवेकडे. ट्यूलिपने २००४ मध्ये कमोडोर नावाचे म्युझिक प्लेअर काढले. मग पाटीचे मालक बदलत गेले. २००७ मध्ये चित्रविचित्र रंगवलेल्या कॅबिनेटचे गेमिंग पीसी आले. २०११ मध्ये हुबेहूब सी-६४ सारखी बॉडी आली, पण आत इंटेलचा नेहमीचा पीसी! २०१५ मध्ये तर इटलीतल्या मंडळींनी 'कमोडोर पेट' नावाचा अँड्रॉइड फोन बाजारात आणला. पेट हा खरं तर कमोडोरचा १९७७ चा कॉम्प्युटर. (नावांवरून आठवलं. कमोडोरचा व्हिक-२० जर्मनीत व्हीसी-२० या नावाने विकावा लागला, कारण 'व्हिक'चा जर्मन उच्चार तिथल्या एका शिवीच्या फार जवळ जात होता. ब्रँडिंगचा पहिला धडा.)

याच्या अगदी उलट गोष्ट २०१८ ची. ब्रिटनच्या रेट्रो गेम्स कंपनीने सी-६४ चं छोटं रूप काढलं. जुन्या रॉमचं लायसन्स रीतसर घेतलेलं, पण कमोडोर हे नाव वापरायचा हक्क नव्हता. म्हणून नाव ठेवलं 'द सी-६४ मिनी'. तो प्रसिद्ध लोगो गायब. शौकीन त्या लोगोला लाडाने 'चिकन लिप्स' म्हणतात! म्हणजे अण्णांच्याच वहीतली मिसळ, पण पाटीशिवाय. माझ्या मते ही बिननावाची पेटी त्या नाववाल्या फोनपेक्षा शंभरपट जास्त कमोडोर होती. पण कायदा माझं मत विचारत नाही. ट्रेडमार्क आठवणींसाठी नसतोच. 'हा माल कुणाकडून आलाय' एवढंच गिऱ्हाइकाला सांगायचं काम त्याचं.

मग शौकीन नावासाठी एवढे का भांडतात? नुसता भावनेचा मामला असता तर मी हा लेख लिहिला नसता. इथे पैसे बुडतात. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम घ्या. १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचे कॉम्प्युटर आणि नाव ५० लाख पौंडांना घेतलं आणि २००७ मध्ये ॲमस्ट्रॅडच ब्रिटनच्या स्कायकडे गेली. २०१६ मध्ये एका कंपनीने स्पेक्ट्रम नावाच्या लायसन्सवर 'वेगा प्लस' या हातात धरायच्या गेमसाठी लोकांकडून आगाऊ ५ लाखांहून जास्त पौंड जमवले. तारखा पुढे पुढे जात राहिल्या, २०१८ मध्ये स्कायने लायसन्स काढून घेतलं आणि २०१९ मध्ये कंपनी बंद झाली. बहुतेकांना मशीन मिळालंच नाही. पाटी अस्सल होती, बरं का! लोकांनी लहानपणीच्या नावावर विश्वास ठेवला, पाटीमागे कोण उभं आहे ते पाहिलं नाही.

२०२५ मध्ये मात्र कमोडोरच्या गोष्टीत गंमत झाली. रेट्रो कॉम्प्युटरचे व्हिडिओ करणारे ख्रिश्चन सिम्पसन यांनी साथीदार जमवून, नाव ज्या कंपनीकडे होतं ती कमोडोर कॉर्पोरेशनच विकत घ्यायचा व्यवहार केला, ४७ नोंदणीकृत ट्रेडमार्कसकट! त्याच वर्षी 'कमोडोर ६४ अल्टिमेट' जाहीर झाला, किंमत २९९ डॉलरपासून पुढे. आत एम्युलेटर नाही, एफपीजीए आहे. म्हणजे जुन्या चिप्सचं लॉजिक नव्या चिपमध्ये हार्डवेअर म्हणूनच उभं केलंय (ईएनटीसीवाले, कान टवकारा). हे डिझाइनही शौकिनांमध्ये आधीपासून गाजलेल्या 'अल्टिमेट ६४' बोर्डावरचं. मधली तीसेक वर्षं मशीन जिवंत ठेवणारे एकीकडे आणि नाव बाळगणारे दुसरीकडे, अशी स्थिती होती. ते आता एका छपराखाली आले. मला आनंद झाला, पण एक शंका आहेच. ट्रेडमार्क शेवटी विकाऊ माल. उद्या यांनीही विकला तर घेणाऱ्याचं मन कोण तपासणार?

हे वाचून कुणाला प्रोजेक्ट सुचला तर तेही सांगून टाकतो. सी-६४ चा मूळ पॉवर सप्लाय म्हातारपणी बिघडून जास्त व्होल्टेज देतो आणि रॅमच्या चिप्स जाळतो. तुम्ही नवा सप्लाय बनवलात, तर 'कमोडोर ६४ साठी' असं प्रामाणिकपणे लिहायला आपला कायदा आडवा येत नाही. तो कशाला बसतो हे सांगणं गरजेचंच आहे. पण त्यावर चिकन लिप्स छापून स्वतःचा माल कमोडोरचा म्हणून खपवलात, तर वकील शोधा.

आणि अमिगा? तो या खरेदीत आलेलाच नाही. त्याचं नाव आणि सॉफ्टवेअर यावरून २००७ पासून कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२२ मध्ये छोटा अमिगा बाजारात आला, तोही 'द ए-५०० मिनी' या नावानेच.